तळ्यात जळू आहे का?

शार्दूल परुळेकरच्या नावात वाघ होता, पण नशिबात आला मासा, आणि तोही ठणठणीत! चंदीगडच्या विद्यापीठात तो प्रबंध लिहीत होता: रक्तातले परजीवी गोड्या पाण्यातल्या माशाच्या मूत्रपिंडाची कशी नासाडी करतात. त्यासाठी आजारी मासा हवा. पण गडी पडला मालवणचा. लालभडक कल्ले बघूनच मासा उचलायचा, ही आईची शिकवण हाडात मुरलेली. बाजारात हात आपोआप ताज्या रोहूकडेच जायचा आणि प्रयोगशाळेत रक्त निघायचं एकदम स्वच्छ. दुसऱ्या कुणी देवाचे आभार मानले असते, हा कपाळाला हात लावायचा. या हिवाळ्यात सडका अवयव मिळाला नाही, तर प्रबंध गुंडाळून घरचा रस्ता धरायचा होता.

शेवटी तो पिंजौरजवळ बलकारसिंगांच्या मत्स्यतळ्यावर गेला. हे परजीवी एका माशातून दुसऱ्यात नेतात त्या जळवा, म्हणून त्यानं सरळ मुद्द्यालाच हात घातला. "सरदारजी, तालाब में जळू है क्या?"

"ओ जी, तालाब में जल नहीं तो क्या लस्सी होगी?"

"जल नहीं, जळू! वो खून पीती है!"

"मेरा जल खून पीता है?" सरदारजी भडकले.

आली का पंचाईत! हिंदी शब्द काही केल्या आठवेना. दाखवतोच म्हणून पठ्ठ्या पँट दुमडून पाण्यात शिरला आणि थोड्या वेळानं नाचतच बाहेर आला. पोटरीला ही टम्म जळू! "ये देखो! यही!"

"ओय, जोंक बोलो ना! ये तो ढेर हैं. तभी मछलियाँ सुस्त पड़ी हैं."

मग आईची मनोमन माफी मागून शार्दूलनं जन्मात पहिल्यांदा फिक्या कल्ल्यांचे मासे निवडून घेतले.

रक्तात परजीवी वळवळत होते. पुढच्या आठवड्यात मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली आले. नलिका फुटलेल्या, पेशी जागोजाग मेलेल्या. त्यानं आधी बलकारसिंगांना जळवांचा बंदोबस्त करायला सांगितलं आणि मग आनंदाच्या भरात मालवणला फोन लावला.

"आई, किडनी पार सडलेली निघाली!"

"अरे देवा! माझ्या झिला!" आईनं तिकडे हंबरडाच फोडला.

"अगं, माझी नाही, माशाची! माझं काम झालं!"

आईनं पदराला नाक पुसलं. मग म्हणाली, "मेल्या, इतकी वर्सां तुका कल्ले बघूक शिकवलंय, ता ह्येच्यासाठी?"