खांबाच्या पायथ्याशी

हुद्दा : पाणथळ नोंद सहायक, नगरपालिका. सेवा : एकवीस वर्षे, खंड नाही. ओळखीची खूण : लांब पाय, पुढे झुकलेली मान. कर्तव्य : यादीतील पाणथळ जागांना वर्षातून एकदा भेट देऊन तिथल्या सरकारी खांबाच्या पायथ्याशी पाहून 'पाणी आहे' किंवा 'पाणी नाही' यांपैकी एक शेरा लिहिणे. स्वतःचे मत : लागू नाही.

कचेरीत त्याला बगळा म्हणत. त्याने कधी मनावर घेतलं नाही. दलदलीत तासभर उभं राहणाऱ्याला आणखी काय म्हणणार?

सगळ्यात मोठी पाणथळ जागा त्याच्या गल्लीच्या वरच्या अंगाला होती. पावसाचं पाणी ती पोटात घ्यायची, म्हणून त्याच्या घराचा उंबरा कोरडा राहायचा. एवढं समजायला त्याला नियमावली लागली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी तेव्हाचे साहेब त्या जागेच्या पाहणीला आले आणि चिखलात घोट्यापर्यंत रुतले. "अरे, हा खांब काय कमळ आहे का, पाण्यात उभा करायला?" साहेबांचा एक बूट चिखलातच राहिला. दुसऱ्याच दिवशी बगळ्याने खांब उपटून पंधरा पावलं वर, काठावर रोवला. साहेबांनी पाठ थोपटली. बगळा आठवडाभर खुशीत होता.

पुढे काही बिघडलं नाही. तो समोरचं तळं बघायचा आणि 'पाणी आहे' लिहायचा. मग नवा नियम आला : शेऱ्यासोबत खांबाच्या पायथ्याचा फोटो; आणि सलग तीन वर्षं 'पाणी नाही' आलं, तर जागा यादीतून बाद, भराव टाकायला मोकळी. फोटोत पायथा ठणठणीत कोरडा. दोन वर्षं त्याला 'पाणी नाही' लिहावं लागलं. कचेरीत कुणाला सांगावं तर स्वतःचंच नाव पुढे येणार, म्हणून तो गप्प बसला.

तिसऱ्या वर्षी साहेबांच्या जागी आलेल्या नव्या मॅडम सोबत होत्या. मॅडम खांबाशी उभ्या राहिल्या, आणि बगळा सरळ पाण्यात शिरला. मांड्या बुडाल्यावर थांबला.

"अहो, बाहेर या! साप-बिप असेल."

"मॅडम, मूळ जागा ही. खांब मी हलवला. साहेबांचे बूट खराब होत होते म्हणून."

"लेखी आदेश होता?"

"तोंडी."

"म्हणजे सरकारी खांब तुम्ही परस्पर हलवलात, असं लिहू? निवृत्तीला किती राहिले?"

"चार महिने."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "काका, नियमात 'खांबाच्या पायथ्याशी' लिहिलंय. पाणी कुठे आहे, असं कुणी विचारलंच नाहीये."

त्याच्या मागून चार बदकं निवांत गेली. तो चिखलातून पाय उपसत वळला. मग बाहेर आला.

ड्रायव्हरने आधी सीटवर वर्तमानपत्र पसरलं, मगच त्याला बसू दिलं. फॉर्म मांडीवर ठेवता येईना, म्हणून मॅडमनी आपली फाईल खाली धरली. त्याने 'पाणी नाही' लिहून सही केली.

"कुठे लोळत होता हो?" बायकोने दारातच विचारलं.

"ऑफिसचं काम होतं."

तिने पँट पिळून दोरीवर टाकली. ती वाळायला दोन दिवस लागले.