खालचा कठडा

आयर्लंडमधल्या त्या जुन्या गढीत, इंग्रज वंशाच्या एका उमरावाचं भलंमोठं तैलचित्र आहे. छाती पुढे, मान ताठ. अशा चित्रांपुढे मी फारशी रेंगाळत नाही. पण शेजारच्या जिन्याला दोन कठडे दिसले. एक नेहमीच्या उंचीचा, दुसरा जेमतेम मांडीपर्यंत.

"त्यांची धाकटी लेक पायानं अधू होती," गढी दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या. "तिच्यासाठी खालचा बसवला. मग तेही तोच धरून चढायचे. घरातल्या सगळ्यांना त्यांनी तीच सवय लावली."

वरच्या कठड्याचं लाकूड अजून कोरं वाटत होतं. खालचं मात्र हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं.

चित्रकारानं त्यांना ताठ रंगवलंय खरं. लेकीनं जन्मभर पाहिलेला बाप मात्र थोडा वाकलेलाच असणार.