रंगूनला पाठवायचा फोटो

लोणावळ्याच्या बाजारातल्या फोटोग्राफरकडे मी तिन्ही थोरल्या बहिणींबरोबर त्यांच्या त्यांच्या वेळी गेले होते. मुलीचा फोटो म्हणजे स्थळाला दाखवायचा, असंच ते धरून चालत. हातात कागदी गुलाब देत आणि काळ्या कापडाआडून सांगत, "नजर खाली, ताई."

माझ्या वेळीही त्यांनी गुलाब पुढे केला. "स्थळ कुठलं?"

"स्थळ नाही. रंगूनच्या शाळेत इंग्रजी शिकवायला अर्ज करतेय," मी पुटपुटले. "त्याला फोटो लागतो."

"लय लांब की!" त्यांनी गुलाब काढून घेतला आणि ते कापडाआड गेले. माझी नजर सवयीने खालीच होती.

ते वैतागून बाहेर आले. "असा फोटो बघून कोण नोकरी देईल? पोरं डोक्यावर बसतील. हितं बघा, बाई."

घरी मला अजून सगळे बेबी म्हणत. मी मान वर केली.