सॉफ्ट पाणी आणि मिटलेलं कोरल

खाऱ्या पाण्याच्या टँकच्या काठावर रोज पुसलं तरी मिठाची पांढरी रेघ साचतेच. आम्हा रीफवाल्यांचे किस्से तसेच! कितीही पुसा, परत भेटलो की काठोकाठ. आम्ही म्हणजे गिरगावचे जोगळेकरकाका, दादरची नेहा आणि लालबागची मी. घरातल्या काचेच्या टँकमध्ये समुद्र ठेवायचा, त्यात जिवंत कोरल वाढवायचं आणि त्याच्या काळजीने आपण वाळायचं, एवढंच आमचं काम!

*

चाळीचा टॉवर झाला आणि आमच्याकडे बोअरिंगचं जड पाणी आलं. बायकांनी ओरड केली तेव्हा कुठे सोसायटीने सॉफ्टनर बसवला. सेक्रेटरी सावंतकाकांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "आता नळाला सॉफ्ट पाणी! केस गळायचे बंद!"

टाळ्या! मी विचारलं, "काका, त्या मशीनमध्ये टाकतात काय?"

"मीठ! गोण्याच्या गोण्या!"

माझा टँक सगळ्यांना ठाऊक; अख्खी मीटिंग माझ्याकडे वळून ओरडली, "अगं, मग तुझी मज्जाच! आता समुद्र डायरेक्ट नळातून!"

*

घाबरून मी जोगळेकरकाकांना फोन लावला.

"अजिबात वापरू नकोस! सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतो, बदल्यात सोडियम सोडतो. क्लोरीन वगैरे सगळं तसंच राहतं. टँकला आरओचंच पाणी."

"पण काका, सॉफ्ट झालंय ना आता?"

"कडक माणूस गोड बोलायला लागला म्हणून सज्जन होतो का गं?"

*

सॉफ्ट पाणी टँकला चालेल का, हाच प्रश्न नेहाने शोभेच्या माशांच्या दुकानात विचारला. दुकानदार क्षणभरही अडखळला नाही. "सिंपल आहे मॅडम. सॉफ्ट कोरलला सॉफ्ट पाणी, हार्ड कोरलला हार्ड पाणी!"

"आणि माझ्याकडे दोन्ही असतील तर?"

"मग मिक्स!"

*

आता खरी गोष्ट. टँकमधलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून रोज थोडं आरओचं पाणी घालावं लागतं. नेमका आमचा आरओ बिघडला आणि मी ऑफिसात. आईला पातळी खाली गेलेली दिसली. तिने प्रेमाने नळाच्या पाण्याची कळशीवर कळशी ओतली.

घरी येऊन बघते तर माझं हॅमर कोरल पार आत ओढलेलं! काकांनी दिलेल्या अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून मी ते वाढवलं होतं. एरवी हातोड्यांसारख्या टोकांची त्याची हिरवी बोटं डुलायची. आता नुसता दगडी सांगाडा. मी अशी किंचाळले की शेजारच्या परबकाकू लाटणं घेऊन धावत आल्या.

"काय गो, काय झालं?"

"मिटलं, काकू!"

"मेलं? कोण मेलं?" म्हणत त्यांनी आईला मिठी मारली आणि रडायला सुरुवात केली. आईसुद्धा रडायला लागली. कोण गेलं हे दोघींनाही माहीत नव्हतं!

*

काका गिरगावहून टॅक्सीत आरओच्या पाण्याचे कॅन घालून आले. नेहा समुद्राचं खास मीठ घेऊन आली. आम्ही थोडं थोडं पाणी बदलत राहिलो. कोरल काही उघडेना. काका हळूच म्हणाले, "आता मनाची तयारी ठेव." आई कोपऱ्यात बसून एकच म्हणत होती, "माका काय म्हायत, गो? पाणी म्हणजे पाणी!" ती धड जेवेना. कोरलपेक्षा मला तिचीच धास्ती.

अशात नारळी पौर्णिमा आली. सकाळी बघते तर आई टँकसमोर, हातात हळदकुंकू लावलेला सोललेला नारळ!

"आई, टँकमध्ये नको! काच फुटेल!"

"मी काय खुळी आसंय?" तिने नारळ काचेला नुसता टेकवला, डोळे मिटले. "दर्याराजा, माजा चुकला. माज्या चेडवाचा फूल उघडांदे." चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी!

संध्याकाळी हिरवी बोटं बाहेर! आधी एक, मग झुपकाच! मी इतकी ओरडले की परबकाकू परत लाटणं घेऊन हजर. आमच्या तिघांच्या ग्रुपवर फोटो टाकला, आईच्या नारळाचा किस्साही लिहिला. नेहाने उड्या मारल्या. काकांनी लांबलचक मेसेज लिहिला: पाणी वेळेवर बदललं, क्लोरीन गेलं, क्षार स्थिरावले, बाकी योगायोग, शिकलेल्या माणसाने नारळाबिरळाच्या नादी लागू नये.

पाचच मिनिटांत आईचा फोन वाजला. जोगळेकरकाकाच. आवाज अगदी खाली.

"वहिनी, नारळ कुठल्या दुकानातला हो? माझंही एक मिटलंय."