पाच नंबरची हजेरी

आमच्या घरात खरा वाढदिवस फक्त माझ्या धाकट्या बहिणीला होता. बाकीचे आम्ही सगळे जूनमध्ये जन्मलेले. बाबा जूनचे, काका जूनचे, मी जूनची, माझा भाऊही जूनचा. आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. पोरगं कधी झालं असं हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा त्यांना सांगता आलं नाही, म्हणून हेडमास्तरांनीच शाळा सुरू होण्याच्या दिवसांतली एक तारीख बाबांच्या नावापुढे लिहून टाकली. पुढे बाबा स्वतः आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याजवळच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तर झाले आणि त्यांनीही गावभरच्या पोरांना जूनच्या तारखा वाटल्या. त्यांतलीच एक माझ्या वाट्याला आली. माझ्या जन्माच्या वेळी ते ट्रेनिंगला होते. आईला विचारलं तर ती म्हणायची, "थंडी होती बाप्पा, अन् तू लय रडत होती." यावरून काय वाढदिवस काढणार?

धाकटी मात्र आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात झाली. तिथून कागद मिळाला, तेलुगूत लिहिलेला. बाबांना तेलुगू बोलता यायचं, वाचताना मात्र अडखळायचे. शिक्षण खात्याच्या ऑफिसातल्या एका क्लार्ककडून त्यांनी तो कागद वाचून घेतला आणि पेटीत सर्वांत खाली, घडी न मोडता ठेवला. दरवर्षी संक्रांत झाली की तो बाहेर निघे. बाबा तारीख पुन्हा एकदा बघत आणि आईला सांगत, "आपल्या घरातली ही पहिली पोरगी, जिचा दिवस मालूम हाय." मी तिथेच उभी असे. मला तो कागद चुलीत घालावासा वाटायचा, हे आज सांगायला हरकत नाही.

तिला सहावं वर्ष लागलं त्या वर्षी बाबांनी ठरवलं की वाढदिवस पैनगंगेवर करायचा, रोडगे करून. सकाळी घरात तसबिरींपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. आदिलाबादला कुणाच्या तरी घरी माझ्या भावाने मेणबत्त्या फुंकताना पाहिलं होतं, त्याने ते सुचवून बघितलं. बाबा म्हणाले, "मेणबत्ती लावाची असते, विझवाची नसते." तेवढी एक मजा तिला मिळाली नाही म्हणून मला बरं वाटलं. बाकी सगळं मिळालंच. गुलाबी फ्रॉक मिळाला आणि टिकटिक वाजणाऱ्या लाल सँडल मिळाल्या. त्या सँडल घालून ती अंगणात एवढ्या चकरा मारत होती की मी कानांवर हात ठेवले.

दोन बैलगाड्या निघाल्या. पुढची काकांची, मागची गावातून मागून आणलेली. पुढच्या गाडीत आई, काकू आणि आम्ही पोरं. मागच्या गाडीत गोवऱ्या, कणीक, वांगी, भांडी आणि बाबा. नदीला त्या दिवसांत पाणी कमी असतं. वाळू, मग मोठमोठे सपाट खडक, खडकांमधून वाहणाऱ्या धारा आणि मध्ये एखादा डोह, तळ न दिसणारा. पलीकडच्या काठावर महाराष्ट्र, अलीकडे आमचा आंध्र.

उतरल्याबरोबर बाबांनी शिट्टी वाजवली. ही त्यांची जुनी सवय. शाळेची पोरं कुठे न्यायची म्हटलं की पोहोचल्यावर आणि निघताना हजेरी, आणि घरच्यांनाही त्यातून सुटका नाही. वयाप्रमाणे नंबर दिलेले. मी एक, काकांची दोन मुलं दोन आणि तीन, भाऊ चार, धाकटी पाच. नियम शाळेतलेच. नंबर पुकारला की लगेच 'हजर' म्हणायचं. आणि एका नंबराला दोन 'हजर' आले की दोघांनाही छडी, कारण त्यांतला एक नक्की खोटा. शाळेत पोरं दांडी मारणाऱ्या मित्राची हजेरी द्यायची, म्हणून बाबांनी हा उपाय काढला होता. बाबांच्या हातचा मार गावाला माहीत होता.

"पाच," बाबांनी पुकारलं.

धाकटी हाताची घडी घालून उभी. "आज माहा वाढदिवस हाय. मी नाही देत हजेरी."

आम्ही बाबांच्या हाताकडे बघितलं. बाबा हसले! खो खो हसले आणि शिट्टी खिशात टाकली. उशिरा उत्तर दिलं म्हणून याच माणसाने माझ्या तळहातावर छडी मारली होती, ती मला त्या क्षणी जशीच्या तशी आठवली. मग मीच तिच्यासारखा नाकातून, शेवट लांबवत आवाज काढला, "हजर्रर्र." तिची नक्कल मला छान जमायची. सगळे हसले, ती सोडून.

दिवस तसा चांगला गेला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले, राख झटकून फोडले, वर तूप. पहिला रोडगा अर्थातच तिला. दुपारी ती पाण्यात पाय घालून बसली, तेव्हा मीच तिच्यावर ओरडले, "सँडल काढून ठेव, भिजल्या तं आई मारीन." तिने त्या काढल्या आणि एका खडकाच्या खोबणीत नीट जोडीने ठेवल्या.

संध्याकाळ झाली. सूर्य पलीकडे गेला आणि थंडी एकदम अंगावर आली. आवराआवर झाली, बैल जुंपले. मी पुढच्या गाडीत काकूच्या पाठीशी गोधडीत शिरले. बाबा मागच्या गाडीपाशी उभे राहून भांडी दोरीने बांधत होते. तिथूनच शिट्टी वाजली.

"एक." "हजर." दोन, तीन, चार झाले.

"पाच."

उत्तर नाही.

मला वाटलं, मागच्या गाडीत बाबांजवळ बसली असणार, वाढदिवस आहे ना. आणि पुन्हा तेच नाटक. आता बाबा हसणार, समजूत काढणार, आणि आम्ही इथे थंडीत बसून राहणार तिच्या लाडांपायी.

"पाच!"

मी गोधडीतूनच जोरात म्हटलं, "हजर्रर्र."

"चला," बाबा म्हणाले. गाड्या निघाल्या.

आम्ही किती गेलो असू? मैलभर तरी. दोन्हीकडे कापसाची, पऱ्हाटीची शेतं, मधून गाडीवाट. अंधारून येत होतं. आईने मागे वळून हाक दिली, "अवो, तिले स्वेटर घाला, थैलीत हाय."

मागून बाबांचा आवाज आला, "कोणाले?"

"लहानीले. तुमच्याच गाडीतून बोलली ना ती."

"ती तुह्याजवळ हाय ना?"

गाड्या थांबल्या. बाबा चालत पुढे आले, गोधडी उचलून पाहिली, आम्हाला एकेकाला पाहिलं. आई खाली उतरून मागच्या गाडीकडे धावली. काका म्हणाले, "दादा, नदीवर तं नाही राह्यली?"

"हजेरी देल्ली ना तिनं," बाबा म्हणाले. "मी सोता आयकली."

"मी बी आयकली," काकू म्हणाली. "पुढच्याच गाडीतून आयकली."

भावाने ऐकली होती. काकांच्या दोन्ही मुलांनी ऐकली होती. सगळ्यांनी ऐकली होती, म्हणजे ती गाडीत होती. म्हणजे वाटेत पडली. एवढं सरळ गणित होतं, आणि त्यातला पहिला आकडा खोटा होता हे फक्त मला माहीत होतं.

शोध सुरू झाला, पण वाटेवर. काका बॅटरी घेऊन पऱ्हाटीच्या ओळींत वाकून बघायला लागले. आई तिच्या नावाने हाका मारत होती, काकू धुऱ्यावरची, बांधावरची झुडपं हातांनी बाजूला करत होती. कुणीही नदीकडे तोंड केलं नाही. मी खाली उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. सांगितलं तर बाबा मला काय करतील, हा विचार आधी आला. ती कुठे असेल, हा नंतर. याची मला आजही लाज वाटते.

मग मी बाबांना पाहिलं. ते मागच्या गाडीच्या चाकाशी गुडघ्यावर बसले होते. पुढच्या गाडीतून पोर पडलं तर मागची गाडी त्यावरून जाणार, हे त्यांच्या मनात आलं असावं. ते चाकाच्या लोखंडी धावेवरून हात फिरवत होते, हळूहळू, आणि दर वेळी तो हात डोळ्यांपाशी नेऊन बघत होते.

मी पळत सुटले, नदीकडे.

"एऽ! कुठी चालली?" बाबा ओरडले. मी थांबले नाही. चाळीस-पन्नास पावलांवर त्यांनी मला गाठलं आणि दंडाला धरून वळवलं. "कुठी जाऊन राह्यली?"

"नदीवर."

"नदीवर काऊन? गाडीत बसली होती ती."

"नव्हती बसली." मला रडू फुटलं. "हजेरी मी देल्ली, बाबा. तिची मी देल्ली."

त्यांना कळायला किती वेळ लागला कोण जाणे. मला तो फार मोठा वाटला. मग दंडावरची पकड सुटली आणि ते पळाले. चप्पल वाटेतच पडली, ती उचलायलाही थांबले नाहीत. मी त्यांच्या मागे पळत होते आणि मनात एकच चाललं होतं, डोह, डोह, डोह.

काठावर पोहोचलो तेव्हा दिसण्यापुरता उजेड उरला होता. आमच्या रोडग्यांची राख होती. खडकाच्या खोबणीत एक लाल सँडल होती. एकच. ती पाहून बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. त्यांनी शिट्टी काढली, ओठांना लावली, पण फुंकर निघेना. मग ओरडले. तिचं नाव नाही, सवयीने नंबरच आला तोंडात.

"पाच!"

"हजर!" नदीतून आवाज आला.

ती डोहापलीकडच्या खडकावर होती, फ्रॉकमध्ये पाय घेऊन बसलेली, दुसरी सँडल छातीशी धरून. ती सँडल घरंगळून पाण्यात गेली होती आणि ती पकडायला ही दगडांवरून उड्या मारत गेली होती. परत येताना पाण्याला भ्याली. बाबा कपड्यांसकट आत उतरले. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. मी काठावर उभी राहून त्यांचं डोकं बघत होते. एकदा ते तोल जाऊन खाली गेले तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर होती.

वाळूवर आणून त्यांनी तिला स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसायला घेतलं, पण कोरडा सोगा उरलाच नव्हता. दात वाजत होते, तिचेही आणि त्यांचेही.

"आवाज काऊन नाही देल्ला?" ते तिला हलवून विचारत होते. "मी शिट्टी वाजवली, नंबर पुकारला. आयकू नाही आलं?"

"आलं ना."

"मंग?"

"मी हजर म्हणणारच होती," ती म्हणाली. "पण माही हजेरी लागली. मंग दोनदा कसं म्हणू? तुमी मारता ना दोघाइले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला, तळहात वर करून, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी तो हात धरला आणि मला जवळ ओढलं, ओल्या सदऱ्याशी, आणि आम्ही तिघं तसेच बसलो. त्यांनी मला मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आई धावत आली. तिने पोरीला छातीशी घेतलं आणि बाबांवर तुटून पडली. एवढा मोठा मास्तर, अन् घरची पाच पोरं मोजता येत नाहीत? बाबा म्हणाले, "हजेरीत माही चूक झाली." तेवढंच. पुढे आयुष्यभर आई त्यांना यावरून बोलत राहिली आणि ते ऐकून घेत राहिले. मी आईला कधी सांगितलं नाही. त्यांनीही नाही.

त्या दिवसानंतर बाबांनी घरात नंबर पुकारून हजेरी घेतली नाही. कुठे निघालो की ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचे, आम्ही मोठे झाल्यावरसुद्धा. पण त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर एकदा घेतली, शेवटची. काका मागची गाडी हाकणार होते, बाकी आम्ही सगळे पुढच्या गाडीत दाटीने बसलो होतो. धाकटी गोधडीत गुंडाळलेली, माझ्या मांडीवर. तिला तिथेच बसायचं होतं.

"एक," बाबा म्हणाले.

त्याच तोंडाने पुन्हा 'हजर' म्हणायला मला जमेना. बाबा थांबले.

"एक," ते पुन्हा म्हणाले, अगदी हळू.

गोधडीतून तिचा गार हात बाहेर आला आणि माझ्या मनगटाभोवती घट्ट बसला.

"ताई हाय बाबा," ती म्हणाली. "मी धरून हावो तिले."