मेंग पिलसूच्या मिटचा आवाज

मेंग पिलसू कोरियातल्या गुन्सानच्या बेसबॉल संघात अर्धं आयुष्य कॅचर होता, पण सामना एकही खेळला नाही. मैदानाच्या कडेला जाळीआड राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, हात गरम करतात, तिथे उकिडवं बसून त्यांचे चेंडू झेलायचे, एवढंच त्याचं काम. त्यात गुडघे गेले, डाव्या हाताची बोटं वाकडी झाली.

एक गोष्ट मात्र त्याच्यासारखी कुणालाच जमत नसे. चेंडू मिटच्या, म्हणजे झेलायच्या जाड चामडी हातमोज्याच्या, नेमक्या खळग्यात घेऊन ऐन वेळी तो मनगट असं पुढे द्यायचा, की लेचापेचा चेंडूसुद्धा फटाक्यासारखा वाजायचा. वर ओरडायचा, "वा रे पठ्ठ्या! काय चेंडू आहे!" जाळीआड वाईट चेंडूला वाईट म्हणायचं नाही, मैदानात जाण्याआधी पिचर खचतो, अशी तिथली रीतच होती.

प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, शेवटच्या सामन्यात नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत गुन्सान एका धावेने पुढे होतं. जाळीआड ओक जेगुन हात गरम करत होता. छत्तिशीचा, संघातला सगळ्यात जुना पिचर. दोन-चार चेंडूंतच पिलसूला कळलं, आज तळहात झोंबत नाहीये. चेंडूत जीव नव्हता. तरी सवयीने त्याने मिट वाजवला, सवयीने ओरडला. तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला. पलीकडून कोचने विचारलं, "कसा टाकतोय जेगुन?"

"झकास, कोच."

"ऐकू येतंय मला इथपर्यंत. पाठव."

जेगुन गेला. पहिला फलंदाज बेसवर पोचला, दुसऱ्याने त्याचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला, दोन धावा गेल्या आणि संघाचं वर्ष तिथेच संपलं. बंदराजवळच्या गुकबापच्या दुकानांत लोक भाताच्या वाफाळत्या वाडग्यांवरून आठवडाभर जेगुनला शिव्या घालत होते. "म्हाताऱ्याला कशाला काढला रे बाहेर? घरी नातू खेळवायचा सोडून!"

नोव्हेंबरात कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, याची खलबतं सुरू झाली. संघाचे व्यवस्थापक प्यो साहेब यांनी पिलसूला वर बोलावलं. त्याला असं कुणी कधी बोलावलं नव्हतं. टोपी काढून तो दाराशीच उभा राहिला.

"बस. जेगुनचं काय करावं सुचत नाहीये. त्या दिवशी तूच झेलत होतास ना? खरं सांग, हात गेलाय का त्याचा?"

पिलसूने मनात हिशेब केला. गेलाय म्हटलं तर जेगुनचं घर बसणार. शिवाय साहेब विचारणार, मग फोनवर झकास कसं म्हणालास? त्याचा स्वतःचा करारही दर वर्षी डिसेंबरातच नवा होई.

"नाही साहेब. चेंडू चांगला होता."

"नक्की?"

"नक्की."

प्यो साहेबांनी सुस्कारा सोडला. "वाईट झालं. दुखापत निघाली असती तर शस्त्रक्रिया करून वर्षभर थांबलो असतो. माणूस जुना आहे. पण हात शाबूत असून ऐन वेळी कच खाणारा घेऊन काय करू?"

पिलसूने तोंड उघडलं. साहेबांनी तोवर फोन उचलला होता.

दोन दिवसांनी जेगुन आपलं सामान न्यायला आला. पिलसू खोलीत मिटना तेल लावत होता.

"दादा, तू वर माझ्याबद्दल चांगलं बोललास म्हणे. आभार." जेगुन खाली बघत होता. "कोपर दुखत होतं रे त्या दिवशी. पण तुझा मिट असा वाजत होता, म्हटलं मनाचेच खेळ असतील. आता तर साहेबच म्हणतात, भ्यालास. भ्यालोच असेन."

"नाही भ्यालास." पिलसू कसाबसा बोलला. "चेंडू मेलेला होता, जेगुन. पहिल्यापासून."

जेगुनने मान वर केली.

"आणि तू वर जाऊन..."

"तुला ठेवतील असं वाटलं मला."

"मला?" जेगुन हसला, पण ते हसणं बघवेना. त्याने दार उघडलं आणि हाताने धरून ठेवलं. "चल मग. साहेब आहेत वर. हेच त्यांना सांग, मी सांगितलं तर सबब वाटेल. दुखापत म्हणून धरतील, एक वर्ष मिळेल मला. चल ना, दादा."

बाहेरून समुद्राचा गार वारा आत येत होता. पिलसूने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग पुन्हा उचललं.

"पुढच्या महिन्यात माझा करार आहे रे," तो म्हणाला.

जेगुनने आणखी थोडी वाट पाहिली, मग दार सोडून दिलं.