वायर उपटली, कोणी मानही वर केली नाही

मंडळी, आज हाटकेश भागातल्या एका पॅकिंग युनिटमध्ये होतो. गेल्या महिन्यात त्यांच्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड गेलं आणि अर्धा दिवस काम ठप्प. म्हणून मी दुसरं कार्ड बसवलं. एक बंद पडलं की दुसऱ्याने आपोआप काम उचलायचं. आज परीक्षा होती. काम पुन्हा थांबलं असतं, तर हा जुना ग्राहक गेलाच असता.

भर कामात चालू कार्डाची वायर उपटली. स्क्रीनकडे बघितलंच नाही, कान लावले. सर्व्हरवरून चालणाऱ्या लेबल प्रिंटरची खरखर तशीच चालू!

शेठ म्हणाले, "भाऊ, काढा ना वायर, किती वेळ?"

"काढून पाच मिनिटं झाली, शेठ."

"मग काहीच कसं झालं नाही?"

"त्यासाठीच तर बोलावलंत!"

शेठ हसले आणि परत फोनवर बोलू लागले.

घरी आलो. बायको जाऊन दोन वर्षं झाली. ती असती तर दारातच टोमणा आला असता, "आज कोणाचं काम बंद पाडून आलात?"

"कोणाचंच नाही गं," चहा गाळताना मी मोठ्याने म्हणूनही पाहिलं.

काम चोख झालं की तुम्ही पहिलं कोणाला सांगता? मी आज तुम्हाला सांगितलं.